पावणेतीन वर्षं आणि दीडशे पौंड



डिसेंबर २०२१ मधली गोष्ट. शनिवारी संध्याकाळी चार घरची मंडळी आमच्याकडे जमली होती. चहा झाला, चिवडा झाला, आणि बोलणं आपसूक त्या आठवड्याच्या बातमीवर आलं. लंडनच्या मेट्रोपोलिटन पोलिसातले दोन कॉन्स्टेबल, डेनिझ जाफर आणि जेमी लुईस, यांना ओल्ड बेलीत प्रत्येकी ३३ महिन्यांची कैद झाली होती. आमचे एक मित्र, मूळचे सांगलीचे, इथे तीस वर्षं आयटीत काढलेले, पटकन म्हणाले, "अरे, पावणेतीन वर्षं? फोटो काढले म्हणून? आपल्याकडे लॉकअपमध्ये माणूस मेला तरी नुसती बदली होते!"

सगळे हसले, पण माझ्या डोक्यात तो प्रश्न राहिला. पावणेतीन वर्षं नक्की कशाची? मी काही वकील नाही, पण जुने खटले वाचायचा नाद आहे. त्या नादातून जे हाताला लागलं ते इथे मांडतो आहे. थोडं लांबलं आहे, सवडीने वाचा.

आधी प्रकरण काय ते. जून २०२० मध्ये वेम्बली आणि किंग्जबरीच्या मधल्या फ्रायंट कंट्री पार्कमध्ये बिबा हेन्री आणि निकोल स्मॉलमन या दोन बहिणींचा खून झाला. एकीचा वाढदिवस साजरा करायला त्या बागेत गेल्या होत्या. हा भाग आपल्यातल्या लंडनकरांच्या पायाखालचा आहे. ईलिंग रोड, नीस्डनचं मंदिर, महाराष्ट्र मंडळाची डॉलिस हिलची वास्तू, सगळं काही मैलांच्या आत. मृतदेह सापडल्यावर जागेवर रात्रीचा पहारा द्यायला हे दोघे कॉन्स्टेबल नेमले होते. काम एकच, तिथे कोणाला येऊ द्यायचं नाही, कशाला हात लावू द्यायचा नाही. दोघांनी मृतदेहांचे फोटो काढले, व्हॉट्सॲपवर पाठवले. एकाने तर एका फोटोवर स्वतःचा चेहरा चिकटवला. त्या बहिणींबद्दल जे शब्द वापरले ते इथे लिहीत नाही.

त्यांच्यावर जो आरोप लागला त्याला इथे 'मिसकंडक्ट इन पब्लिक ऑफिस' म्हणतात. मराठीत सार्वजनिक पदावरचं गैरवर्तन म्हणू. गंमत अशी की हा गुन्हा पार्लमेंटने केलेल्या कुठल्याच कायद्यात लिहिलेला नव्हता. हा 'कॉमन लॉ'चा गुन्हा, म्हणजे न्यायाधीशांनी निकालांतून घडवलेला. त्यामुळे त्याला कमाल शिक्षेची वेगळी मर्यादाही नाही, कागदावर थेट जन्मठेप! आणि किमान? काहीच नाही. दंड करून सोडलं तरी चालतं. चोरी, मारामारी, ड्रग्ज यांच्यासाठी इथे न्यायाधीशांना शिक्षेचे ठरवून दिलेले तक्ते असतात. या गुन्ह्याला तसा तक्ताही नव्हता. न्यायाधीशाने मागचे निकाल बघायचे आणि आपला तराजू आपणच धरायचा.

या तराजूचं मूळ १७८३ मधलं आहे. आपल्याकडे सालबाईचा तह होऊन एक वर्ष झालं होतं, पुण्यात नाना फडणवीसांचा कारभार चालू होता. इकडे लंडनमध्ये सैन्याच्या पगारखात्यातला चार्ल्स बेंब्रिज नावाचा हिशेबनीस कोर्टात उभा होता. एका दिवंगत अधिकाऱ्याच्या हिशेबातल्या काही मोठ्या रकमा दाखवायच्या राहिल्या आहेत हे त्याला ठाऊक होतं, आणि तो गप्प बसला. बचाव असा की हा फार तर दिवाणी मामला, सरकारने पैसे वसूल करावेत, गुन्हा कसला? न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफिल्डनी ते मानलं नाही. लोकांशी संबंध असलेलं विश्वासाचं पद जो घेतो तो त्या पदावरच्या वागण्याबद्दल राजाला फौजदारी उत्तर देणं लागतो, पद कोणतं आणि कसं मिळालं याच्याशी कर्तव्य नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय. बेंब्रिजला तुरुंग आणि दंड दोन्ही झाले.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. या गुन्ह्याच्या मुळाशी असलेल्या माणसाने काही *केलं* म्हणून नव्हे, तर बोलायला हवं तिथे तो *बोलला नाही* म्हणून शिक्षा झाली. न करणं हासुद्धा गुन्हा, हे पहिल्या दिवसापासून त्यात होतं.

तेव्हा लंडनमध्ये आजच्या अर्थाने पोलीस नव्हतेच. रॉबर्ट पीलने मेट्रोपोलिटन पोलीस उभे केले १८२९ मध्ये. आणि पन्नास वर्षं व्हायच्या आत स्कॉटलंड यार्डाच्या डिटेक्टिव्ह खात्याचं नाक कापलं गेलं. १८७७ सालचा 'ट्रायल ऑफ द डिटेक्टिव्ह्ज'. बेन्सन आणि कर हे दोन ठग घोड्यांच्या शर्यतींच्या नावाखाली एका फ्रेंच बाईला लुबाडत होते, आणि त्यांना पकडायला नेमलेले अधिकारीच त्यांना आतल्या खबरा पुरवत होते. मीकलजॉन, ड्रस्कोविच आणि पामर या तिघांना दोन-दोन वर्षं सक्तमजुरी झाली. चौथा, क्लार्क, सुटला. पुढच्याच वर्षी जुनं खातं मोडून सीआयडी उभं राहिलं. आपल्या सिनेमातल्या सगळ्या 'सीआयडी इन्स्पेक्टर'चा जन्म असा लाचखोरीतून झालेला आहे! (हिंदी सिनेमावाल्यांना हे कोणी सांगितलेलं दिसत नाही.)

असो. तो खटला न्यायाच्या कामात अडथळा आणण्याच्या कटाचा होता. पण एक वळण तिथे पडलं ते पुढे शंभर वर्षं टिकलं. पोलिसाने पैसे खाल्ले की इंग्लिश कोर्ट कडक होतं. ते समजायला सोपं आहे. पैसा मोजता येतो, पाकीट दाखवता येतं.

माणूस मेला की मात्र अवघड होत जातं.

लीड्सचा डेव्हिड ओलुवाले घ्या. १९४९ मध्ये नायजेरियातून जहाजात लपून हल बंदरात उतरलेला तरुण. पुढे मानसिक आजार, अनेक वर्षं इस्पितळात, मग लीड्सच्या रस्त्यावर, दुकानांच्या दारात झोपणं. सार्जंट किचिंग आणि इन्स्पेक्टर एलेरकर हे दोघे रात्री त्याला शोधून काढायचे, मारायचे, शहराबाहेर नेऊन सोडून द्यायचे. पोलिसांच्याच कागदावर त्याच्या राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात एक वंशवाचक शिवी लिहिलेली होती. मे १९६९ मध्ये त्याचा मृतदेह एअर नदीत सापडला. कोणी काही विचारलं नाही. पुढच्या वर्षी पोलिसातल्याच एका तरुण पोराने सहकाऱ्यांच्या गप्पा ऐकल्या आणि वर कळवलं, म्हणून चौकशी लागली. नोव्हेंबर १९७१ मध्ये खटला झाला. सदोष मनुष्यवधाच्या आरोपावर न्यायाधीशांनीच ज्यूरीला 'निर्दोष' म्हणायला सांगितलं. राहिले मारहाणीचे आरोप. एलेरकरला तीन वर्षं, किचिंगला सत्तावीस महिने.

पावणेतीन वर्षांच्या मापाने मोजायचं तर किचिंगला फ्रायंट पार्कवाल्यांपेक्षा सहा महिने कमी.

आता या सगळ्या इतिहासातलं मला सर्वात अस्वस्थ करणारं प्रकरण. १७ मार्च १९७७, पहाटे एकचा सुमार, लिव्हरपूलजवळचं सेंट हेलन्स गाव. एका क्लबच्या दारातून बाउन्सरने एका माणसाला बाहेर काढलं. बाचाबाची, मग मारामारी, मग लाथा. तीसेक यार्डांवर कॉन्स्टेबल फिलिप डायथम उभा होता, गणवेशात, ड्यूटीवर. आरडाओरडा, किंकाळ्या, सगळं त्याच्या समोर. तो जागचा हलला नाही. रस्त्याच्या कडेला त्या माणसाचा जीव गेला. सगळं शांत झाल्यावर डायथमने हेल्मेट सारखं केलं, जवळच्या एकाला आपली ड्यूटी संपत आली असल्याचं सांगितलं, आणि गाडी काढून निघून गेला.

त्याच्यावर गैरवर्तनाचा आरोप ठेवला. त्याच्या वकिलाचा युक्तिवाद वाचण्यासारखा आहे: माझ्या अशिलाने लाच घेतली नाही, कोणाला मारलं नाही, खोटं बोलला नाही. त्याने काहीच केलं नाही. काहीच न करणं हा गुन्हा कसा? १९७९ मध्ये अपिलात लॉर्ड विजरी यांनी ते फेटाळलं. कर्तव्यात कसूर जाणूनबुजून केलेली असेल, नुसती अनवधानाने घडलेली नसेल, आणि लोकहिताला धक्का लागून शिक्षाच व्हावी इतकी ती गंभीर असेल, तर लाच नसली तरी गुन्हा होतो. तितकी गंभीर आहे का, ते ज्यूरीने ठरवायचं. इंग्लंडातले कायद्याचे विद्यार्थी आजही हा खटला शिकतात.

तत्त्व भक्कम. शिक्षा? दीडशे पौंड दंड.

हे केवळ त्या काळच्या सौम्यपणामुळे झालं असं म्हणाल तर तेही खरं नाही. त्याच १९७७ साली सोहोमधल्या अश्लील पुस्तकांच्या दुकानदारांकडून हप्ते घेतल्याबद्दल स्कॉटलंड यार्डाचा बिल मूडी बारा वर्षांसाठी आत गेला, आणि फ्लाइंग स्क्वॉडचा प्रमुख राहिलेला केन ड्रुरी याला आठ वर्षं सुनावली गेली. सर रॉबर्ट मार्क या कमिशनरने खात्यातली कीड काढायला घेतली होती त्याचा हा परिणाम. चांगलंच झालं. पण हप्ता घेतला तर बारा वर्षं, आणि डोळ्यांदेखत माणूस मरू दिला तर दीडशे पौंड, हा हिशेब एकाच देशात, एकाच वर्षीच्या प्रकरणांत झालेला आहे.

माझं मत इथे सांगून टाकतो. या गुन्ह्यात कोर्टं इजा मोजत नाहीत, विश्वासघात मोजतात. ते बरोबरही आहे. इजा मोजायला खून, मारहाण असे दुसरे गुन्हे आहेत. पण विश्वासघात मोजताना हात जिथे वळवळला तिथे तराजू लगेच खाली जातो, आणि हात जिथे खिशात राहिला तिथे तो जागचा हलत नाही. मॅन्सफिल्डने गप्प बसलेल्या हिशेबनिसापासून सुरुवात केली होती, हे मधल्या दोनशे वर्षांत कोर्टं विसरली की काय असं वाटतं.

हे माझ्या मनात घट्ट बसलं ते हलच्या प्रकरणाने. १ एप्रिल १९९८. क्रिस्टोफर आल्डर, वय ३७, ब्रिटिश सैन्याच्या पॅराशूट रेजिमेंटमधला माजी सैनिक. (ओलुवाले उतरला तेच हे बंदर.) नाइटक्लबबाहेर मार लागला, इस्पितळात नेलं, तिथून अटक करून क्वीन्स गार्डन्सच्या पोलीस स्टेशनात आणलं. आणेपर्यंत शुद्ध हरपली होती. हात पाठीमागे बेड्यांत, पँट गुडघ्यापर्यंत घसरलेली, अशा अवस्थेत त्याला फरशीवर पालथं ठेवलं. सीसीटीव्ही चालू होता. त्या चित्रफितीत त्याचा घरघरणारा श्वास ऐकू येतो, आणि वर उभ्या असलेल्या पोलिसांच्या गप्पा. हा सोंग करतोय, असा त्यांचा समज. सुमारे अकरा मिनिटांनी आवाज थांबला.

२००० मध्ये मृत्यूच्या चौकशीत ज्यूरीने 'बेकायदा हत्या' असा निर्णय दिला. २००२ मध्ये पाच पोलिसांवर सदोष मनुष्यवध आणि गैरवर्तन असे दोन्ही आरोप चालले, आणि न्यायाधीशांच्या आदेशाने पाचही जण दोन्ही आरोपांतून सुटले. म्हणजे इथे दीडशे पौंडही नाहीत.

त्यानंतर ॲटर्नी जनरलनी अपील कोर्टाला विचारलं की बाबांनो, हा गुन्हा नक्की कशाने होतो ते एकदा स्पष्ट सांगा. अशा संदर्भाने आधी सुटलेल्यांना काही फरक पडत नाही, पुढच्यांसाठी कायदा तेवढा साफ होतो. एप्रिल २००४ मध्ये उत्तर आलं. माणूस सार्वजनिक पदावर हवा आणि त्या पदाचं काम करत असताना हवा. त्याने जाणूनबुजून कर्तव्यात कसूर किंवा गैरवर्तन केलेलं हवं. ते जनतेच्या विश्वासाचा दुरुपयोग ठरावा इतक्या पातळीचं हवं. आणि त्याला वाजवी कारण नसावं. यातलं 'जाणूनबुजून' म्हणजे धोका आहे हे त्या पोलिसाला स्वतःला कळत होतं, किंवा कळूनही त्याने पर्वा केली नाही. वाचायला निर्दोष वाक्य. पण हलच्या फरशीला लावून बघा. 'मला खरंच वाटलं तो सोंग करतोय' असं म्हणणारा यातून अलगद निसटतो. ज्याला समोरच्या माणसाच्या जिवाची किंमत कळतच नाही, तो जाणूनबुजून काही करतच नाही ना!

क्रिस्टोफरची बहीण जॅनेट हिने तेव्हापासून हे प्रकरण सोडलेलं नाही. २०११ मध्ये ब्रिटिश सरकारने युरोपच्या मानवी हक्क कोर्टासमोर चूक कबूल करून माफी मागितली. त्याच वर्षी उघडकीस आलं की २००० मध्ये त्या कुटुंबाने ज्याला मूठमाती दिली तो क्रिस्टोफर नव्हताच. शवागारात अदलाबदल झाली होती. त्याच्या थडग्यात एक म्हातारी बाई होती, आणि तो अकरा वर्षं शवागारातच पडून होता. यावर मी काय लिहू.

तोवर कोर्टांचा कडकपणा दुसरीकडे वाढत होता. वृत्तपत्रांनी फोन हॅक केल्याचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. त्यात एप्रिल कॅसबर्न नावाच्या डिटेक्टिव्ह चीफ इन्स्पेक्टरने 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'ला फोन करून तपासाची माहिती देऊ केली. पैसे काही मिळाले नव्हते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पंधरा महिने. ती एक मूल दत्तक घेत होती म्हणून सूट दिली, नाहीतर तीन वर्षं दिली असती, असं न्यायाधीशांनी सांगितलं. पुढच्या वर्षी कीथ वॉलिस या कॉन्स्टेबलला बारा महिने. डाउनिंग स्ट्रीटच्या फाटकावर मंत्री अँड्र्यू मिचेल आणि पोलीस यांची जी वादावादी झाली, ती आपण बघितली असं त्याने सामान्य नागरिक असल्याचं भासवून आपल्या खासदाराला ईमेलने कळवलं होतं. प्रत्यक्षात तो तिथे नव्हताच.

म्हणजे बघा. नव्हता तिथे होतो म्हणाला त्याला एक वर्ष. होता तिथे नसल्यासारखा वागला त्याला दीडशे पौंड. मधे पस्तीस वर्षं गेली, जमाना बदलला, हे मान्य. पण दिशा कुठल्या बाजूला बदलली तेही दिसतं.

शिक्षा ठरवताना न्यायाधीश काय बघतात? हेतू काय होता, पैसा होता का, किती दिवस चाललं, कोणाला किती इजा झाली, आणि पोलिसांवरचा लोकांचा विश्वास किती डळमळला. आरोपीच्या बाजूने आजवरची स्वच्छ नोकरी, गेलेली नोकरी, आणि तुरुंगात माजी पोलिसाचे होणारे हाल. बाहेरच्या माणसाला 'पहिलाच गुन्हा' ही मोठी सवलत असते. पोलिसाला तिचा फारसा उपयोग होत नाही, कारण स्वच्छ रेकॉर्डशिवाय तो त्या पदावर पोचलाच नसता.

२०१५ मध्ये पार्लमेंटने खास पोलिसांसाठी वेगळा लेखी गुन्हा केला, अधिकाराचा भ्रष्ट किंवा अयोग्य वापर, कमाल चौदा वर्षं. स्टीफन लॉरेन्स खून प्रकरणाच्या तपासात काय काय दडपलं गेलं याचा अहवाल २०१४ मध्ये आला, त्याची ही पुढची पायरी. त्यात 'अधिकार न वापरणं' हेसुद्धा धरलं आहे, पण एका अटीवर. कोणाचा तरी फायदा किंवा तोटा करण्यासाठी वापरला नसेल तरच. डायथमचा आळस म्हणा, भीती म्हणा, 'माझी ड्यूटी संपत आली' म्हणा, त्याला तिथे जागा नाही.

आता सांगलीकरांच्या टोमण्याकडे येतो. आपल्याकडे काही होत नाही, हे अर्धंच खरं.

माझे एक लांबचे मामा फौजदार होते. लहानपणी आम्ही सुट्टीत त्यांच्याकडे जायचो तेव्हा घरात दोन शब्द सारखे कानावर पडायचे: 'चौकशी लागली' आणि 'सस्पेंड झाला'. काही महिन्यांनी तोच माणूस दुसऱ्या तालुक्यात हजर. निलंबन म्हणजे शिक्षा, असा आमचा पोरांचा समज होता. मोठ्यांचाही फार वेगळा नसावा. १८५७ नंतर इंग्रजांनी केलेल्या १८६१ च्या पोलीस कायद्यात कर्तव्यात कसूर करणाऱ्याला जास्तीत जास्त तीन महिन्यांचा पगार दंड किंवा तीन महिने कैद, किंवा दोन्ही, असं होतं. ज्या देशाने स्वतःच्या घरी या गुन्ह्याला जन्मठेपेपर्यंत वाट मोकळी ठेवली, त्याने हिंदुस्थानात त्याची किंमत तीन पगार लावली. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात तर अधिकाराच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दलचा खटला सहा महिन्यांच्या आत भरावा अशी मुदत घातली. शिवाय सरकारी नोकरावर खटला भरायला सरकारची मंजुरी लागते ती वेगळीच.

पण दुसरी बाजूही आहे. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस चौकीत मार्च १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचं प्रकरण. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने एका पोलिसाला पाच वर्षं आणि दुसऱ्याला एक वर्ष दिलं. सप्टेंबर १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोघांनाही सोडलं. त्या निकालाविरुद्ध कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्काराला किमान दहा वर्षं. वर्दीमुळे गुन्हा जड होतो, हलका नाही, हे मॅन्सफिल्डचंच म्हणणं विदर्भातल्या एका चौकीतून भारतीय कायद्यात पोचलं. आणि २०१३ मध्ये, दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर, आणखी एक कलम आलं. बलात्कारासारख्या ठरावीक गुन्ह्यांची फिर्याद पोलिसाने नोंदवून घेतली नाही तर त्याला किमान सहा महिने, कमाल दोन वर्षं सक्तमजुरी. म्हणजे 'काहीच न करण्या'ला किमान शिक्षा. ते काम इंग्लंडातल्या कोर्टांना दोनशे वर्षांत जमलं नव्हतं. अंमलबजावणीचं म्हणाल तर तिथे सांगलीकरांचा टोमणा मी निमूटपणे ऐकून घेतो.

परत फ्रायंट पार्ककडे. त्या प्रकरणाचा एक भाग आमच्या त्या संध्याकाळच्या गप्पांत आलाच नव्हता. दोघी बहिणी घरी परतल्या नाहीत म्हणून घरच्यांनी पोलिसांना कळवलं होतं. पोलीस शोधायला गेले नाहीत. शेवटी घरचे आणि मित्र स्वतःच बागेत शोधत फिरले आणि मृतदेह निकोलच्या मित्राला सापडले. स्वतंत्र चौकशी यंत्रणेने त्याची तपासणी केली, पोलिसांचं काम अपेक्षित दर्जाचं नव्हतं असा निष्कर्ष काढला, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये मेट्रोपोलिटन पोलिसांनी कुटुंबाची माफी मागितली. म्हणजे एकाच बागेत, एकाच कुटुंबाच्या बाबतीत, दोन्ही गोष्टी घडल्या. पोलिसांनी जे केलं त्याला पावणेतीन वर्षं कैद. जे केलं नाही त्याला माफीचं पत्र. मुलींची आई मीना स्मॉलमन इंग्लंडच्या चर्चमध्ये आर्चडीकन होत्या. त्या दोन्हींबद्दल तितक्याच जोरात बोलल्या.

हे चित्र बदलायचा प्रयत्न बऱ्याच वर्षांनी झाला. २०२० मध्ये लॉ कमिशनने सांगितलं की हा जुना गुन्हा फार धूसर आहे, तो रद्द करून दोन लेखी गुन्हे करा, एक भ्रष्टाचाराचा आणि एक कर्तव्यभंगाचा. पाच वर्षं कागद पडून होते. ते हलले हिल्सबरोमुळे. १९८९ मध्ये शेफील्डच्या फुटबॉल मैदानात चेंगराचेंगरी होऊन लिव्हरपूल क्लबचे एकूण ९७ चाहते दगावले, पोलिसांनी दोष प्रेक्षकांवर ढकलला, आणि बंदोबस्ताचा प्रमुख डकेनफिल्ड ज्यूरीपुढे अखेर २०१९ मध्ये निर्दोष ठरला. त्या कुटुंबांनी चाळीशी-पन्नाशीपासून सत्तरीपर्यंतचं आयुष्य कोर्टांच्या पायऱ्यांवर काढलं. त्यांच्या रेट्यामुळे सप्टेंबर २०२५ मध्ये जे विधेयक पार्लमेंटमध्ये मांडलं गेलं त्यात जुना कॉमन लॉचा गुन्हा रद्द करून दोन नवे गुन्हे घातले होते. पहिला पदावर असताना केलेल्या गंभीर अयोग्य कृत्याचा. आणि दुसरा मृत्यू किंवा गंभीर इजा टाळण्याचं कर्तव्य असताना ते न केल्याचा.

दुसरा गुन्हा वाचताना मला सेंट हेलन्सचा तो रस्ता डोळ्यांसमोर आला.

गेल्या वर्षी लीड्सला कामानिमित्त गेलो होतो तेव्हा मुद्दाम एअर नदीवरच्या नव्या पादचारी पुलावर जाऊन आलो. २०२३ मध्ये खुल्या झालेल्या त्या पुलाला डेव्हिड ओलुवालेचं नाव दिलं आहे. त्याच्या नावाची निळी पाटी एप्रिल २०२२ मध्ये लीड्स ब्रिजवर लावली होती, ती काही तासांत कोणीतरी चोरून नेली. मग दुसरी लावली. मी गेलो तेव्हा पाऊस होता आणि पुलावर एक तरुण पोलीस कॉन्स्टेबल सायकल हातात धरून उभा होता. ऑफिसला जाणारे लोक त्याला गुड मॉर्निंग म्हणत होते. मीही म्हणालो.

चू. भू. द्या. घ्या.